काटा साठवर, गाडी सत्तरवर

देवळ्याच्या मामांचा ट्रक, एक बिघडलेला स्पीडोमीटर आणि बोटाएवढ्या पार्टसाठी मारलेल्या तीन फेऱ्या

तुमच्या कारचा स्पीडोमीटर तुम्हाला रोज थाप मारतो, माहितीय? दचकू नका. पुढच्या वीकएण्डला एक्सप्रेस-वेवर गेलात की बाजूला बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएसचा स्पीड बघायला सांगा (तुम्ही बघू नका, तुम्ही रस्ता बघा). डॅशबोर्डवर शंभर असेल तर मोबाइल बहुतेक वेळा त्याहून दोन-पाच कमीच सांगेल. यात बिघाड काही नाही. मीटरनं खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, कमी मात्र कधीच दाखवायचं नाही, असाच बऱ्याच देशांतला दंडक आहे. म्हणजे थाप आहे, पण आईच्या थापेसारखी. 'नऊ वाजले, ऊठ' म्हणते आणि बघावं तर साडेआठच झालेले असतात.

घोळ होतो तो मीटर उलटी थाप मारायला लागतं तेव्हा. काटा साठवर आणि गाडी सत्तरवर! हे मी २०११ च्या एप्रिलमध्ये देवळ्यात बघितलं, माझ्या मामांच्या ट्रकमध्ये. त्या काट्यापायी चौदा वर्षांच्या ड्रायव्हरची नोकरी गेली होती. कारण मात्र तळहातावर मावेल एवढंसं निघालं.

आधी थोडी ओळख. देवळा म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तालुका झाला तो १९९९ मध्ये, म्हणजे तसा तरुणच. पलीकडे सटाणा, कळवण, अलीकडे चांदवड, आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचं उमराणे याच तालुक्यातलं. इथलं सगळं कांद्याभोवती फिरतं. लग्नाची तारीख, पोरांची फी, नवा ट्रॅक्टर, सगळं भावावर ठरतं. भाव मिळाला की पाचकंदील चौकात गाड्या लावायला जागा नसते. माझं आजोळ इथलं. मामांचा एक सहाचाकी ट्रक होता, २००३ चं मॉडेल. बाजार समितीतून व्यापाऱ्याचा कांदा भरायचा, वाशी मार्केटला नाहीतर नाशिकला खाली करायचा, परतीला मिळेल ते भाडं घ्यायचं. त्यावर घर चालायचं.

आणि तो ट्रक चालवायचे नाना. मी पाचवीत असल्यापासून त्यांना ओळखतो. पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावू दिला तो त्यांनीच, अर्थात बंद गाडीत.

नाना कुठे गेले?

मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत होतो. डेटा, रिपोर्ट, पिव्होट टेबल हेच आयुष्य. लग्न एका मावसबहिणीचं होतं म्हणून चार दिवस रजा काढून गेलो, तर गाडीवर वीस-बावीस वर्षांचा एक नवा पोरगा.

"नाना कुठंय?"

मामी आत निघून गेली. मामा म्हणाले, "काढलं. डिझेल खात होता."

मला हसूच आलं. नाना आणि चोरी? पण मामांकडे डायरी होती. डिसेंबर २०१० आठवतोय? कांदा शहरात ऐंशी रुपयांवर गेला होता आणि टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्या गडबडीत गाडी दमेपर्यंत पळाली आणि जानेवारीत गिअरबॉक्सनं मान टाकली. नवा परवडत नव्हता म्हणून एका गॅरेजवाल्याकडून जुना गिअरबॉक्स घेऊन बसवला. गाडी मस्त चालायला लागली, पण त्याच महिन्यापासून ॲव्हरेज घसरलं. आधी लिटरला साडेचार किलोमीटर मिळायचे, ते पावणेचारच्या जरा वर येऊन थांबले. डिझेल तेव्हा चाळीस-बेचाळीस रुपये. मामांनी हिशेब मांडला: महिन्याला साडेसहा-सात हजारांचं डिझेल जातंय कुठे? नानांचा पगारच तेवढा होता.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांना हा खेळ माहीत असेल. जुन्या गाड्यांत मीटरची केबल हातानं सुटायची. ड्रायव्हरनं केबल सोडली, मालकाला न सांगता एखादं बाहेरचं भाडं मारलं, केबल परत बसवली, झालं! किलोमीटर वाढत नाहीत, डिझेल मात्र जळतं. ॲव्हरेज पडलं की मालकाच्या डोक्यात पहिली शंका हीच येते. मामांनाही आली. नाशिकला जाऊन आल्यावर मीटरवर किलोमीटर कमी भरतात हेही त्यांना दिसलं होतं. पुरावाच तो!

"नाना काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मीटर मागं चालतंय म्हणे. सगळेच म्हणतात."

मार्चअखेर नानांना काढलं, वर दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवला. मी गप्प बसलो. मामांच्या घरात पाहुणा म्हणून आलेल्या भाच्यानं धंद्यात बोलायचं नसतं.

राहूड घाट

तरी बोलावं लागलं, त्या नव्या पोरामुळे. लग्नाच्या आदल्या दिवशी तो खताच्या गोण्या घेऊन नाशिककडून मालेगावला निघाला होता. चांदवड सोडलं की राहूड घाट लागतो, आणि हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना त्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. पोरगा रात्री घरी आला तेव्हा पांढराफटक होता. पुढे एक ट्रॅक्टर होता, यानं ब्रेक मारला आणि गाडी थांबेचना. कशीबशी कडेला घातली.

"किती होता स्पीड?"

"पन्नास. देवाशपथ. शेठनं सांगितलंय घाटात पन्नासच्या वर काटा जायला नको, तर नाहीच जाऊ दिला."

ब्रेक तपासले. लायनर ठीक, हवेचं प्रेशर ठीक. सगळ्यांचं मत पडलं की पोरगा घाबरट आहे. नाना असते तर असं झालं नसतं, हे कुणी बोललं नाही, पण जेवताना सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं.

लग्न उरकलं. मला नाशिकला एका मित्राकडे जायचं होतं आणि गाडी उमराण्याहून कांदा घेऊन निघणारच होती. म्हटलं, चला, लहानपणची हौस. केबिनमध्ये चढलो. खिशात नोकियाचा नवाकोरा जीपीएसवाला फोन, त्याचं कौतुक तेव्हा एवढं की संडासातही नेव्हिगेशन लावून बसायचो. चांदवड मागे पडलं, वडाळीभोईच्या सपाट रस्त्याला लागलो. काटा साठवर होता, थोडा थरथरत. फोनकडे बघितलं. सत्तर.

फोन हलवला, बंद केला, चालू केला. सत्तर. कधी एकाहत्तर.

पहिला विचार आला तो फोनला शिव्या घालण्याचा. पण खात्री करायला फोनची गरजच नाही, हे नंतर सुचलं. नॅशनल हायवेच्या कडेला पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतात (राज्य महामार्गाचे हिरव्या डोक्याचे). पोराला म्हटलं, एक दगड पकड आणि मीटरवरचा आकडा लक्षात ठेव. दहा दगड मोजले. मीटर पुढे सरकलं होतं साडेआठ किलोमीटर.

म्हणजे त्या रात्री घाटात काटा पन्नासवर होता तेव्हा भरलेली गाडी एकोणसाठनं उतरत होती. नानांना याचा त्रास झाला नाही, कारण नाना काट्याकडे बघायचेच नाहीत. इंजिनाच्या आवाजावर आणि गिअरवर त्यांचा अंदाज चालायचा. पोरगा बिचारा सांगितलेलं ऐकणारा. तो काट्यावर विश्वास ठेवून मरणार होता.

एक्सेल उघडलं

मित्राकडे गेलोच नाही. संध्याकाळच्या एसटीनं परत देवळ्याला आलो, मामांकडून डायरी मागून घेतली आणि लॅपटॉप उघडला. मामी म्हणाली, "रजेवर आलाय ना रे?"

मामांची डायरी म्हणजे दागिना होता. तारीख, कुठून कुठे, निघतानाचा आकडा, आल्यावरचा आकडा, डिझेल, टोल, चहापाणी. सगळ्या फेऱ्या भरत बसलो नाही, ज्यांचा रस्ता ठरलेला होता तेवढ्याच घेतल्या. देवळा-नाशिक जाऊन-येऊन: गिअरबॉक्स बदलण्याआधी १७८, १७७, १७९. नंतर १५१, १५२, १५१. वाशीची फेरी आधी ५१०, नंतर ४३४. भागाकार केला. प्रत्येक वेळी पंच्याऐंशी टक्के. एप्रिलमध्ये पोरगा चालवायला लागल्यावरही पंच्याऐंशीच टक्के.

"मामा, नाना नाशिकच्या फेरीत दरवेळी सत्तावीस किलोमीटर केबल सोडायचे आणि वाशीच्या फेरीत मोजून शहात्तर? आणि ते गेल्यावर हा पोरगाही तेवढीच चोरी करतो?"

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. चोरी अशी टक्केवारीत होत नसते. एखादी फेरी चोख निघते, एखादीत शंभर किलोमीटर गायब होतात. इथे प्रत्येक किलोमीटरमागे दीडशे मीटर गायब होते, न चुकता. हे माणसाचं काम नव्हतं.

साडेचारचे पंच्याऐंशी टक्के किती होतात ते तुम्हीच काढा. पावणेचारच्या जरा वर. गाडीचं ॲव्हरेज कधी पडलंच नव्हतं.

मामा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ.

दोन बिघाड, दोन घरं

आता खरी गंमत. बिघाड आहे हे कळलं, पण कुठे? मी आपला शहरी माणूस. मीटर चुकीचं दाखवतं म्हणजे मीटर बदला! दुसऱ्या दिवशी सकाळी परत एसटी पकडून नाशिकला गेलो. द्वारकेच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे. (पुण्यात यासाठी नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. एकदा जाऊन बघाच, मॉलपेक्षा बरी करमणूक.) काउंटरवरच्या शेठनं विचारलं, "डायलवरचा आकडा काय?"

"कुठला आकडा?"

"केबल कितवी? टोकाचा आटा कसला? जुनं मीटर आणलंय?"

काहीच आणलं नव्हतं. शेठनं माझ्या बॅगेकडे, बुटांकडे बघितलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "साहेब, आधी डॉक्टरला दाखवा. मग औषध न्या." फेरी पहिली, फुकट.

डॉक्टर म्हणजे मिस्त्री, देवळ्यातलेच. साठीचे, कमी बोलणारे, कायम कानावर बिडी. त्यांनी मला अर्ध्या तासात जे शिकवलं ते चार वर्षं इंजिनीअरिंग करून कळलं नव्हतं.

जुन्या पद्धतीचा स्पीडोमीटर असा चालतो. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून चाकांकडे फिरकी जाते तिथे, एक छोटं दातेरी पिनियन असतं. ते फिरलं की त्याला जोडलेली तारेची लवचीक केबल फिरते आणि थेट डॅशबोर्डपर्यंत येते. तिथे ती दोन कामं करते. एक, किलोमीटरच्या आकड्यांची चाकं दात्यांनी पुढे ढकलते. दोन, एक लोहचुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज खेळते, ती वाटीला ओढते, केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि जिथे दोघांची बरोबरी होते तिथे काटा थांबतो. १९०२ मध्ये ऑटो शुल्झ नावाच्या माणसानं जर्मनीत याचं पेटंट घेतलं होतं. पुढे शंभर वर्षं जगभरच्या गाड्या याच वाटीवर चालल्या.

"म्हणजे बघा," मिस्त्री म्हणाले, "काटा चुंबकावर, आकडे दात्यांवर. दोघांची घरं वेगळी."

हे वाक्य लिहून ठेवा, कारण निदान सगळं यावर आहे. काटा चुकतोय पण किलोमीटर बरोबर पडताहेत, तर दोष मीटरच्या आत, स्प्रिंग सैल झाली नाहीतर चुंबक म्हातारं झालं. काटाही मेला आणि आकडेही थांबले, तर केबल तुटली किंवा पिनियनचे दात गेले. आणि दोन्ही चालू आहेत पण दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी दाखवताहेत? मग मीटरला हात लावू नका. मीटरला जे सांगितलं जातंय तेच ते दाखवतंय. चूक खाली आहे.

काटा थरथरत होता तो प्रश्न वेगळाच निघाला. मिस्त्रींनी केबलची आतली तार ओढून काढली, रॉकेलनं पुसली, बोटानं ग्रीस लावलं. वरचा वीतभर भाग कोरडाच ठेवला. तिथे ग्रीस लावलं की तार फिरता फिरता ते वर चढतं आणि मीटरमध्ये शिरतं. तार सुकली नाहीतर केबलला कुठे तीव्र वळण पडलं की काटा असा नाचतो. थरथर गेली, पंधरा टक्के मात्र राहिले.

मग मोजमाप. मिस्त्रींनी मीटर काढून माझ्या हातात दिलं. डायलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं १०००. म्हणजे केबलचे हजार फेरे झाले की मीटर एक किलोमीटर धरतं. प्रत्येक गाडीत हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून तर द्वारकेचा शेठ तो विचारत होता. आम्ही रिकामी गाडी बाजाराच्या मैदानात नेली, टेपनं वीस मीटर आखले, केबलच्या वरच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवली आणि चार जणांनी गाडी ढकलली. मी केबिनमध्ये झेंडीचे फेरे मोजत होतो. वीस मीटरला वीस हवे होते. सतरा झाले. परत ढकलली. सतरा. मैदानात हमाल जमले होते. एकानं विचारलं, "काय व्हयनं भाऊ, गाडी बंद पडनी का?"

मिस्त्री गाडीखाली गेले आणि दहा मिनिटांत काळ्या हातात एक पांढरट नायलॉनचं पिनियन घेऊन बाहेर आले. दात मोजले. वीस.

"हा बॉक्स दुसऱ्या जातीच्या गाडीचा. तिचं टायर वेगळं असंल नाहीतर क्राउन-पिनियन. तिला वीस बरोबर. आपल्याला सतरा पाहिजे."

साधं गणित आहे. दात जास्त म्हणजे पिनियनला एक फेरा पुरा करायला वेळ जास्त, म्हणजे केबल हळू. वीसच्या जागी सतरा, तेच पंच्याऐंशी टक्के. गिअरबॉक्स बसवणाऱ्यानं गिअर पडतात का बघितलं, आवाज येतो का बघितलं. शेपटाकडचे दात कोण मोजतो?

सतरा दातांच्या शोधात

देवळ्यात मिळालं नाही. सटाण्यात एका दुकानात वीसचंच होतं, आणि दुकानदार पुन्हा पुन्हा म्हणत होता की बसेल, बसेल. बसेल हो, पण तेच तर बसलं होतं! स्पेअर पार्टच्या बाजारात 'बसेल' या शब्दाइतका महाग शब्द नाही. बसतं सगळंच, चालेल का ते विचारायचं.

या वेळी द्वारकेला जाताना मी शहाणा झालो होतो. खिशात जुनं पिनियन, डायलचा फोटो, टायरच्या बाजूवरचा साइझ आणि मामांच्या आरसी बुकावरून उतरवलेला चेसिस नंबर. शेठनं मला ओळखलं. "आले का डॉक्टरकडून?" चेसिस नंबरावरून त्यानं जाडजूड पार्ट कॅटलॉग उघडला. गाडी कुठल्या टायरवर, कुठल्या क्राउन-पिनियनवर कंपनीतून निघाली ते त्यात सापडतं आणि त्यावरून पार्ट नंबर. तो नंबर बंद झाला होता, त्याच्या जागी नवा नंबर आला होता. मागच्या खोलीत गोळ्यांच्या दुकानात असतात तशा शंभरेक ड्रॉवर होत्या. एकीतून त्यानं पुडी काढली. सतरा दात, मी तिथेच दोनदा मोजले. एकशे तीस रुपये.

एकशे तीस! मामांनी नानांचे पंधरा हजार अडकवले होते.

घरी आलो, मिस्त्रींनी बसवलं, आणि ते डुगडुगत होतं. दात कमी म्हणजे पिनियन बारीक, आणि बारीक पिनियनला शाफ्टशी नीट भिडवायला त्याचं हाउसिंगही वेगळं लागतं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, "हे मीच सांगायला पाहिजे होतं." तिसरी फेरी. शेठनं चहा पाजला. पुण्याहून बॉसचा फोन आला, रजा संपली होती. सांगितलं, घरी आजारपण आहे. तसं ते होतंच.

जाता जाता नकली मालाबद्दल. मीटर आणि केबल ही गाडीच्या कंपन्या स्वतः क्वचितच बनवतात. कोइमतूरची प्रिकॉल १९७५ पासून डॅशबोर्डची मीटरं बनवतेय, बंगळुरूची सुप्रजित केबली. बाजारात अशा नामांकित नावांची हुबेहूब पाकिटं फिरतात. स्वस्तातली केबल ओळखायची मिस्त्रींची युक्ती अशी: तार सपाट फरशीवर ठेवून एका टोकाला बोटांनी फिरवायची. दुसरं टोक तुमच्याबरोबर गुपचूप फिरलं तर चांगली. आधी अडलं आणि मग उसळून फिरलं तर परत द्या.

सर्व बसवून झाल्यावर आम्ही पुन्हा वीस मीटर ढकललं. वीस फेरे. मग गाडी हायवेला नेली आणि दहा दगड मोजले. मीटर दहा किलोमीटर पुढे गेलं. मामा मध्ये बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. परत येताना एवढंच म्हणाले, "ऑइलही उशिराच बदलत होतो म्हणजे." बरोबर होतं. मीटर मागे असलं की सर्व्हिसिंगही मागे पडतं.

आता केबल नाही, तरी...

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर अर्धंच खरं. आजच्या ट्रकमध्ये आणि तुमच्या कारमध्ये केबल नाही. गिअरबॉक्सपाशी नाहीतर चाकापाशी सेन्सर असतो, तो फिरते दात मोजतो आणि वायरनं आकडा पाठवतो. आता बिघाड म्हणजे सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, उंदरानं कुरतडलेली वायर. पण सेन्सरलाही चाकाचा घेर माहीत नसतो, सांगितलेला असतो. कंपनीनं दिलेल्यापेक्षा मोठी चाकं लावून गाडी रुबाबदार केलीत तर तुमचा काटाही कमी दाखवायला लागेल, आणि पावती फाडताना 'काटा ऐंशीच होता' हे कुणी ऐकणार नाही. स्पीडोमीटर चालू आणि नीट असणं ही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११७ व्या नियमाची अट आहे, ट्रकइतकीच तुमच्या हॅचबॅकलाही.

जुनी कार घेणार असाल तर मीटरवरच्या किलोमीटरवर भाळू नका. डिजिटल आकडा मागे नेणारे महाभाग आहेतच. सर्व्हिसिंगची जुनी बिलं मागा, प्रत्येकावर त्या दिवसाचा आकडा असतो. ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतंय पंचवीस हजार? हात जोडा आणि निघा.

ट्रकमालकांकडे आता जीपीएस आहे, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोलच्या वेळा मोबाइलवर येतात. गाडी कुठे होती ते घरबसल्या कळतं. २०११ मध्ये मामांकडे एक डायरी होती आणि एक काटा.

नानांचं घर

पुण्याला परतायच्या आदल्या संध्याकाळी मामा म्हणाले, "चल."

नानांचं घर गावाबाहेर, मळ्याच्या कडेला. ते अंगणात कांद्याच्या चाळीचे बांबू बांधत होते. आम्हाला बघून उठले, बाजेवरचं गोधडं झटकलं, आतून पाणी आणायला सांगितलं. कुणी काही बोलेना. मग मामांनी खिशातून पैशांचं पाकीट काढून बाजेवर ठेवलं आणि त्याच्यावर ते वीस दातांचं पिनियन.

"नाना, मीटर मागंच चालत व्हतं."

नानांनी पाकिटाला हात लावला नाही. पिनियन उचललं, उजेडाकडे धरलं आणि अंगठ्यानं एकेक दात मोजला. मोजून झाल्यावर म्हणाले, "मी जानेवारीतच सांगितलं व्हतं, शेठ."

"हो."

"पोरांसमोर चोर म्हनलं तुम्ही."

मामांनी मान खाली घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तसं बघितलं.

चहा झाला. नानांनी पैसे घेतले, मोजले, त्यातले पाचशे परत दिले. म्हणाले, फेब्रुवारीत उचल घेतली होती ती वजा. गाडीवर परत या, असं मामांनी दोनदा म्हणून पाहिलं. नानांनी सटाण्याच्या एका गाडीवर शब्द दिला होता. निघताना ते मला म्हणाले, त्या पोराला राहूड घाटात तिसऱ्यावर उतरायला सांग. काटा काही का दाखवेना.

नाना परत आले नाहीत. माझ्या लग्नाला आले होते, मामांच्या शेजारीच पंगतीला बसले. ट्रक मामांनी २०१४ मध्ये विकला आणि एक पिकअप घेतली, डिजिटल मीटरवाली. शोरूममधून ताब्यात घेतल्यावर पेढे वाटायच्या आधी ती हायवेला नेली. पिवळा दगड दिसला तशी गाडी हळू केली आणि मला म्हणाले, "लिही. निघतानाचा आकडा."